लॉनवरील शरदातले बुरशीजन्य रोग

समशीतोष्ण प्रदेशांत उन्हाळा ओसरून रात्री गार आणि लांब होऊ लागल्या की लॉनच्या गवतावर काही ठरावीक बुरश्या जोर धरतात. त्यांचे बीजाणू किंवा धागे माती आणि कुजक्या पाल्यात वर्षभर असतातच. शरदात त्यांना हवा असलेला ओलावा मिळतो. दव लवकर पडते, ऊन कलते झाल्याने ते उशिरा वाळते आणि गवताची वाढही मंदावलेली असते. बहुतेक रोगांत पाण्याच्या प्रमाणापेक्षा पान सलग किती तास ओले राहते याला अधिक महत्त्व असते.

ओळख पहाटे, दव असताना करावी. तेव्हा ‘डॉलर स्पॉट’च्या ठिपक्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात, ऊन चढले की ते नाहीसे होतात. बारीक कापलेल्या गवतात हे ठिपके जेमतेम ५ सेंमी.पर्यंतचे असतात. पात्यावर आडवा, फिकट, तपकिरी काठाचा डाग पडतो. ‘रेड थ्रेड’मध्ये पात्यांच्या टोकांना लालसर, शिंगांसारखे तंतू फुटतात. तांबेरा ओळखायला तर भिंगही लागत नाही: लॉनवरून चालले की बुटांना नारिंगी भुकटी लागते. ‘फ्युजॅरिअम पॅच’ थंड, दमट हवेत येतो. त्याचे चट्टे तांबूस तपकिरी असून कडेला कधी गुलाबी झाक असते. त्याला कारणीभूत बुरशीचे आजचे नाव मायक्रोडोकियम निवाले आहे, पण माळी जुनेच नाव वापरतात. झॉयसियासारख्या उष्ण हवामानातल्या गवतांवर, मातीचे तापमान सुमारे २१° से.च्या खाली उतरू लागले की ‘लार्ज पॅच’ची मोठी वर्तुळे उमटतात. तिथला कोंब ओढला तर बुडाशी कुजलेला असल्याने सहज हातात येतो.

रोग एवढा बारकाईने ओळखण्याचे कारण नत्र (नायट्रोजन). डॉलर स्पॉट, रेड थ्रेड आणि तांबेरा हे भुकेल्या गवताचे रोग आहेत. हलका नत्राचा हप्ता दिला की गवत अनेकदा औषधावाचून सावरते. फ्युजॅरिअम आणि लार्ज पॅचमध्ये हाच हप्ता घातक ठरतो, कारण नत्राने फुटलेले कोवळे, रसाळ पाते बुरशीला सोपे सावज असते. म्हणून ‘पिवळे पडले, युरिया टाका’ हा सल्ला शरदात धोक्याचा आहे. उशिरा खत द्यायचेच तर नत्र कमी आणि पालाश (पोटॅश) पुरेसे असावे. चुना फेकणेही टाळावे. पृष्ठभाग अल्कधर्मी झाला की फ्युजॅरिअम वाढतो.

प्रतिबंधाचा मोठा भाग पान कोरडे ठेवण्याचा आहे. पाणी संध्याकाळी न देता पहाटे द्यावे, म्हणजे ओलाव्याचा काळ लांबत नाही. लांब काठी किंवा दोर गवतावरून फिरवून दव झाडण्याची जुनी रीत साधी असली तरी गुणकारी आहे. गळलेली पाने साचू देऊ नयेत. मातीलगत साचलेला मेलेल्या देठामुळांचा थर सव्वा सेंमी.हून जाड झाला असेल तर दाताळ्याने उपसावा. घट्ट मातीला भोके पाडली की निचरा सुधारून वाफसा येतो. मात्र ही कामे गवत वाढते आहे तोवरच उरकावीत. कापताना एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त पाते काढू नये आणि कापणी यंत्राचे पाते धारदार असावे. बोथट पात्याने फाटलेली टोके बुरशीला आयतीच वाट देतात.

घरगुती लॉनवर बुरशीनाशकाची गरज क्वचितच पडते. दरवर्षी त्याच जागी रोग येत असेल तर लक्षणे दिसण्याच्या सुमारास फवारणी उपयोगी पडते. औषधाची निवडही निदानावरच ठरते: अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन लार्ज पॅच आणि तांबेऱ्यावर चालते, पण डॉलर स्पॉटवर फारसे नाही, तिथे प्रोपिकोनॅझोल बरे. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारल्यास बुरशीत प्रतिकार येतो, म्हणून गट बदलावेत. कोणते औषध घरगुती वापरास चालते हे देशोदेशीच्या कायद्यांवर अवलंबून असते. औषधाने प्रसार थांबतो, मेलेले पाते हिरवे होत नाही. चट्टे भरून येतात ते नव्या फुटव्यांनी, त्यामुळे वाढ थांबल्यावर आलेल्या रोगाच्या खुणा वसंतापर्यंत तशाच राहतात.