वळणावर जरा हळू: गाणं, कविता आणि रेघ लिरिकल होते म्हणजे काय

आमच्या बडोद्यात "काय लिरिकल आहे हो" हे वाक्य फार स्वस्त झालंय. दांडिया बाजारातल्या काव्यवाचनात ऐकू येतं, सूरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजात ऐकू येतं, फाइन आर्ट्सच्या एक्झिबिशनमध्ये तर दर दुसऱ्या चित्रासमोर. आणि म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच म्हणायचं असतं की हे जरा हळवं आहे, पाऊसबिऊस आहे, विरह आहे. मला हे पटत नाही. हळवेपणा विषयात असतो, पण विषय काढून टाकला तरी जे उरतं ते खरं लिरिकल, आणि त्यातलं बरंचसं चक्क मोजता येतं, लोकांनी लॅबमध्ये बसून मोजलंय.

शब्दच नसलेलं उदाहरण घ्या. उस्ताद फैयाज खाँ बडोद्याचे दरबार गायक, आग्रा घराण्याचे. त्यांची नोम-तोमची आलापी ज्यांनी रेकॉर्डवर ऐकलीये त्यांना माहितीये, तिथे कविता नाहीच, नुसतं री, त, न, नोम, तोम. अर्थ शून्य आणि तरी ऐकताना जीव अडकतो. आता ती अक्षरं नीट बघा. गळ्यावर दोन बोटं ठेवून लांब 'म' म्हणा, बोटांना थरथर लागत राहील, कारण ओठ मिटलेले असले तरी हवा नाकातून जात असते आणि स्वरतंतू हलत असतात. 'न'चंही तेच. आता 'प' किंवा 'ट' लांबवून बघा. जमणारच नाही, हवा अडते आणि आवाज तुटतो, सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ, पण तुटतो. नोम-तोममधला 'त' हा तोडायला, म्हणजे लय दाखवायला आहे आणि 'न', 'म' स्वर धरून ठेवायला. फोनेटिक्सच्या कुठल्या प्रोफेसरने हे बोल ठरवून दिले नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या गाऊन गाऊन ते घासून तयार झालेत. मराठीतले बरे गीतकारही लांब सुरावर 'ट' येऊ देत नाहीत, विचाराल तर म्हणतील कानाला बोचतं.

पण नुसता सलग आवाज म्हणजे काही गाणं नाही, नाहीतर मिक्सरही लिरिकल झाला असता. बोलणं कुठल्या क्षणी गाणं होतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर डायना डॉइच या संशोधक बाईंना १९९५ मध्ये योगायोगाने सापडलं. त्या स्वतःचंच रेकॉर्ड केलेलं बोलणं एडिट करत होत्या, त्यातला एक तुकडा लूपवर राहिला आणि थोड्या वेळाने त्यांना वाटायला लागलं की कोणीतरी गातंय. टेपमध्ये काहीही बदललेलं नव्हतं! पुढे २०११ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत हे रीतसर तपासलं. तो तुकडा एकदा ऐकवला तर लोक तो परत म्हणताना बोलल्यासारखा म्हणायचे, दहा वेळा ऐकवला की सरळ गाऊनच दाखवायचे. आणि गंमत अशी की दर वेळी सूर थोडा वरखाली केला किंवा अक्षरांची उलटापालट केली की जादू गायब, तंतोतंत तेच परत यावं लागतं. घरी करून बघा, फोनवर "चहा झाला का गं" एवढं कोणाकडून तरी साध्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या आणि लूपवर टाका. पहिल्या दोन-तीन वेळा तो चहाचाच प्रश्न असतो. मग अर्थ काही नवीन सांगत नाही म्हणून मेंदूचं लक्ष तिकडून सुटतं आणि 'झाला'वरची चढण, 'गं'चा उतार हे पुढे येतं. आता ख्यालाचा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ आठवा, तालाच्या प्रत्येक आवर्तनाला, म्हणजे फेऱ्याला, तेच चार शब्द का येतात, भजनाचं पालुपद का असतं, ते वेगळं सांगायला नको.

कवितेत परत परत येण्याचं हे काम मात्रा, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाची मापं, करतात, आणि मराठीत मात्रांचा हिशेब ज्यांनी सगळ्यात कसून मांडला ते माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, १८९४ मध्ये बडोद्यातच जन्मले. बडोदेकरांना याचा अभिमान असायला हरकत नाही, पण अर्ध्या लोकांना पत्ताच नाही. त्यांच्या 'छंदोरचना'त सहा मात्रांच्या आवर्तनाला भृंग म्हटलंय, भुंग्याचे पाय सहा म्हणून, आणि आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्म. आता तबलजीला विचारा, सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा. म्हणून तर कित्येक कविता चाल लावणारा येण्याआधीच अर्ध्या गाणं झालेल्या असतात.

१९८३ मध्ये कवी फ्रेडरिक टर्नर आणि मेंदूचे अभ्यासक अर्न्स्ट प्योपेल यांनी असा दावा केला होता की जगभरच्या भाषांत कवितेची ओळ म्हणायला साधारण तीन सेकंद लागतात, कारण मेंदूचा 'आत्ता' तेवढाच असतो. दावा छान आहे पण मला तो ताणलेला वाटतो. विलंबित, म्हणजे संथ एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिट चालतं आणि समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची वाट बघताना श्रोत्याचा 'आत्ता' काही तुटत नाही.

त्यापेक्षा स्वीडनमधलं एक काम मला जास्त पटतं. गाणं संपत आलं की वादक हळूहळू मंदावतात ना, तर फ्रिबर्ग आणि सुंदबर्ग या दोघांनी १९९९ मध्ये ते मंदावणं मोजून थांबणाऱ्या धावपटूंशी ताडून पाहिलं, आणि दोन्हींचे आलेख बरेच जुळले. कमाटीबागेत सकाळी पळणारा माणूस एकदम खांबासारखा उभा राहत नाही, पावलं मंदावत मंदावत थांबतो, सुराचंही तसंच. कानाला जे सुंदर वाटतं त्यात वजन असलेलं एक शरीर थांबताना ऐकू येतं.

इथून चित्राकडे जायला उडी मारावी लागत नाही. लाक्वानिती, तेर्त्सुओलो आणि विवियानी या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवलं की माणूस मोकळ्या हाताने रेघ काढतो तेव्हा वळण जितकं तीव्र तितका हात मंदावतो, आणि तोही एका ठरावीक गणिताने, त्याला दोन-तृतीयांशाचा नियम म्हणतात. त्याहून भारी गोष्ट पुढे १९९२ मध्ये आली. स्क्रीनवर लंबगोलात फिरणारा ठिपका खरोखर एकाच वेगाने फिरवला तर बघणाऱ्याला तो अडखळल्यासारखा दिसतो, आणि वळणावर हाताच्या नियमाने मंदावणारा ठिपका एकसारखा वाटतो! म्हणजे डोळा हाताच्या हिशेबाने बघतो. ब्रेन स्कॅनमध्येही हे दिसलंय, ओळखीची अक्षरं नुसती बघितली तरी मेंदूतला लिहिताना कामाला येणारा भाग जागा होतो.

आपल्या बडोद्याच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, भिंतींवर चित्रकार नंदलाल बोसांची गंगावतरण, मीरा, नटीर पूजा आणि महाभारत अशी चित्रं आहेत. एकदा गोष्ट बाजूला ठेवून फक्त रेघा बघा. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे वळताना रेंगाळलेली. ती रेघ कधीच वाळून गेलीये, पण बघताना आपण ती परत काढत असतो, तिच्याच वेगाने.

आणि मग चित्रकार नसरीन मोहम्मदी येतात आणि हे सगळं जरा अडचणीत आणतात. त्या १९७२ पासून बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवायच्या. कागदावर पट्टीने, ड्राफ्टिंगच्या हत्यारांनी आखलेल्या शाईच्या, पेन्सिलच्या सरळ रेघा, वळण नाही, ब्रशचा दाब नाही, माणूस नाही, विरह तर नाहीच नाही. दोन-तृतीयांशाच्या नियमाला तिथे काही कामच नाही. तरी माझ्या मते त्या कामाइतकं लिरिकल बडोद्यात कमीच झालं असेल, कारण तिथे लय रेघेत नाही, मधल्या मोकळ्या जागेत आहे. रेघांमधलं अंतर केसाकेसाने कमी होत जातं, डोळा एका टोकाला भराभर निघतो आणि दाटीत शिरला की आपोआप मंदावतो.