नक्काशी-खत आणि इराणी टायपोग्राफी: अक्षरं तीच, काम वेगळं

टायपोग्राफी म्हणजे वाचण्यासाठी अक्षरांची केलेली मांडणी. पण इराणी टायपोग्राफी म्हणून नेटवर जे फोटो फिरतात त्यातले निम्मे तरी टायपोग्राफीचे नसतातच, ते असतं नक्काशी-खत, म्हणजे कॅलिग्राफीच्या अक्षरांतून केलेलं पेंटिंग. दोन्हीकडे फारसी अक्षरं झोकदार वळणं घेत पसरलेली, त्यामुळे आपल्यासारख्या लिपी न वाचता येणाऱ्यांचा गोंधळ होणारच.

नक्काशी-खताचं मूळ 1960च्या दशकातल्या सक्काखाने या इराणी कलाचळवळीजवळ आहे. सक्काखाना म्हणजे करबलाच्या लढाईत इमाम हुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी सोसलेल्या तहानेची आठवण म्हणून रस्त्याकडेला बांधलेली पाणपोई, लोक तिच्या जाळीला नवसाची कुलुपं लावतात. हे सगळं लोकांच्या श्रद्धेतलं सामान, ताईतांवरची अक्षरं न् आकडे वगैरे, हुसेन ज़ेंदेरूदीसारख्या चित्रकारांनी कॅनव्हासवर आणलं. परवीज़ तनावोली यांनी तर 'हीच' म्हणजे 'काहीच नाही' हा एकच शब्द घेऊन वर्षानुवर्षं त्याची शिल्पं केली. इथे अक्षर वाचता आलं नाही तरी काही अडत नाही, बघणाऱ्याला रेषेचा जोर आणि लय पोचली की झालं.

टायपोग्राफीतल्या पोस्टरचं तसं नाही, नाटक कुठलं, कुठे, किती वाजता हे त्याला सांगावंच लागतं. मोर्तज़ा मोमय्येज़ (1935-2005) यांना इराणी ग्राफिक डिझाइनचे जनक म्हणतात ते उगाच नाही, पोस्टर, मासिकं, लोगो तर त्यांनी केलेच पण तेहरान विद्यापीठात हा विषय रीतसर शिकवला जावा म्हणूनही ते झटले, आणि मला हे काम त्यांच्या कुठल्याही पोस्टरइतकंच मोठं वाटतं.

आता खरी गंमत. इराणी माणसाची लाडकी लिपीशैली नस्तालीक, पण तिच्यात शब्द उजवीकडून डावीकडे खाली घसरत जातो, आणि अक्षर कुठल्या उंचीवर बसणार ते पुढे कोण येतंय त्यावर ठरतं. खिळे जुळवून छापायचं तर सगळी अक्षरं एका सरळ रेषेत बसायला हवीत, म्हणून छपाईत नस्ख शैली आली, ती सपाट रेषेवर बसते. नस्तालीक हवीच असेल तर शिळाप्रेस, तिथे हाताने लिहिलेलं पान जसंच्या तसं छापता येतं (19व्या शतकात आपल्या मुंबईतही अशी फारसी पुस्तकं भरपूर छापली जायची आणि इराणपर्यंत जायची!). म्हणजे डिझायनरच्या हाती आले ते नस्खचे टाइप, आणि लोकांच्या मनात मात्र नस्तालीक.

ही दरी पोस्टर डिझायनर रज़ा आबेदिनी (जन्म 1967) यांच्या कामात स्पष्ट दिसते, आणि नक्काशी-खत न् टायपोग्राफीतला फरक जिथे पुसट होतो ती जागाही हीच. त्यांच्या पोस्टरवर माणसाची उभी आकृती असते आणि तिच्या अंगभर बारीक मजकूर. मला ते बघून सियाह-मश्क आठवतं, म्हणजे कॅलिग्राफर सरावासाठी एकावर एक अक्षरं गिरवून कागद काळा करायचे ते, पुढे त्यालाच कला म्हणून मान मिळाला. मग हे नक्काशी-खतच नाही का? माझ्या मते नाही, कारण आकृती कितीही गुंतागुंतीची असली तरी कार्यक्रमाची माहिती वाचायला मिळते, आणि अक्षरांचा आकार, अंतर, ओळीची जागा हे सगळं त्यासाठी ठरवलेलं असतं. 2006 साली त्यांना प्रिन्स क्लाउस फंड या डच सांस्कृतिक संस्थेचा मुख्य पुरस्कार मिळाला. नंतर त्यांची नक्कल खूप झाली, आणि ज्या नकलांमध्ये अंगभर अक्षरं आहेत पण तारीख शोधावी लागते त्यांना मी टायपोग्राफी म्हणणार नाही.

आणि एक शाखा या फोटोंमध्ये कधी दिसतच नाही ती म्हणजे रोजच्या वाचनाचे फॉन्ट. साबेर रास्तीकेरदार यांचा वज़ीर हा मोफत, ओपन सोर्स फारसी फॉन्ट बघा, कितीतरी वेबसाइट तो वापरतात. साबेर 2021 मध्ये गेले, फॉन्ट अजूनही कोणीही डाउनलोड करू शकतं.