लेप्टिन कमी म्हणून वजन जास्त? उलटंय!

"वजन उतरत नाही म्हणजे लेप्टिन कमी असणार" हे अजून फिरतंय (लेप्टिन म्हणजे 'चरबी पुरेशी आहे, खाणं आवर' असा निरोप मेंदूला देणारं हार्मोन), पण बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन जास्तच सापडतं, कारण ते चरबीच्या पेशीच बनवतात, चरबी वाढली की तेही वाढतं, फक्त मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. गैरसमज आला उंदरांवरून. १९९४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमनच्या टीमने लेप्टिनचा जीन शोधला, मग लेप्टिन बनतच नाही अशा उंदरांना ते टोचलं तर उंदीर बारीक झाले, सगळे खूश! माणसांत मात्र जन्मापासून लेप्टिनच नाही अशा मोजक्या लोकांना तसा दणदणीत फरक पडला, बाकीच्यांत कुणाचं थोडं उतरलं, कुणाचं ढिम्म.

त्यात मोजण्याचा घोळ वेगळाच. लेप्टिन रात्री चढतं, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त असतं, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी जेमतेम घटते पण लेप्टिन धाडकन खाली. भूक लावणाऱ्या घ्रेलिन या हार्मोनचं तर विचारूच नका, रक्त काढल्यावर सॅम्पल नीट सांभाळलं नाही तर ते नळीतल्या नळीतच मोडायला लागतं. मग एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळणार कसा?