गुदाशय कर्करोगाची पुनर्शस्त्रक्रिया

गुदाशयाचा कर्करोग काढल्यानंतर तो पुन्हा उद्भवल्यास केली जाणारी शस्त्रक्रिया. पुनरुद्भव बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत, जुन्या जागी किंवा यकृतात व फुफ्फुसात होतो.

लपलेली गाठ लवकर शोधण्याचा ध्यास जुना आहे. मिनेसोटा विद्यापीठात ओवेन वँगेनस्टीन यांनी १९४० च्या दशकाअखेर, कोणताही त्रास नसलेल्या रुग्णांचे पोट काही महिन्यांनी पुन्हा उघडून पाहण्याची पद्धत सुरू केली. १९६५ मध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात आढळणाऱ्या सीईए (कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन) या प्रथिनाचे वर्णन केले आणि रक्तात ते वाढले की लगेच पोट उघडावे, असा विचार पुढे आला. ब्रिटनमध्ये १९८२ पासून झालेल्या चाचणीत मात्र अशा घाईने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. तिचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला २०१४ साल उजाडले! आज सीईए वाढल्यास आधी सीटी, एमआरआय व पेट स्कॅन करतात.

गाठ जुन्याच जागी आली असेल तर काम अवघड होते. पहिल्या वेळी गुदाशय ज्या नैसर्गिक पदराने सुटा होतो तो आता उरलेला नसतो. त्या जागी व्रणतंतू असतात, आणि रेडिएशन झालेले असल्यास ते अधिकच चिवट. म्हणून गाठीला चिकटलेले मूत्राशय, गर्भाशय किंवा प्रोस्टेट, कधी त्रिकास्थीचा (कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाचा) भागही सोबत काढावा लागतो. ओटीपोटातील अवयव असे एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी १९४८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मांडली होती. मूत्राशयही गेल्यास मल व मूत्र यांसाठी पोटावर दोन वेगळ्या पिशव्या लागतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही अशा शस्त्रक्रिया होतात.

सारा लाभ कापून काढलेल्या भागाच्या कडेवर अवलंबून असतो. सूक्ष्मदर्शकाखाली कड कर्करोगमुक्त आढळल्यास अनेक रुग्णमालिकांत ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्ण पाच वर्षे जगतात. डोळ्यांना दिसणारी गाठ मागे राहिली, तर एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेचे फळ फारसे मिळत नाही. त्यामुळे कोणावर शस्त्रक्रिया करू नये हे ठरवणेही तितकेच कौशल्याचे असते. गाठ त्रिकास्थीच्या वरच्या भागात किंवा पायाच्या मुख्य मज्जातंतूंत शिरली असेल, तर अनेक केंद्रे नकार देतात.

यकृताचे गणित वेगळे. उरलेले यकृत पुन्हा वाढत असल्याने निवडक रुग्णांत दुसऱ्यांदा, क्वचित तिसऱ्यांदाही त्याचा भाग काढता येतो.