वाइनच्या जगातल्या कृष्णवर्णीय स्त्रिया: दिसणं वेगळं, सामावणं वेगळं

हातात वाइनचा ग्लास घेतलेली कृष्णवर्णीय स्त्री आता जाहिरातींत दिसते, महोत्सवांच्या पोस्टरवर दिसते. हे झालं प्रतिनिधित्व. समावेशाचा हिशेब वेगळा असतो. द्राक्षं कुठली घ्यायची हे कोण ठरवतं, बाटलीवर नाव कुणाचं, नफा कुणाच्या खात्यात जातो आणि त्या टेबलाशी मोकळेपणी हसायची मुभा कुणाला आहे, यावर तो ठरतो. हे दोन्ही शब्द जोडीनं वापरले जातात, त्यामुळे पहिलं झालं की दुसरंही झालंच असं आपण धरून चालतो.

ऑगस्ट २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅली वाइन ट्रेनमध्ये, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या भागातून फिरवणाऱ्या पर्यटक गाडीत, एका वाचनगटाच्या ११ जणी बसल्या होत्या. त्यांतल्या १० कृष्णवर्णीय होत्या, सर्वांत ज्येष्ठ ८३ वर्षांच्या. फार मोठ्यानं हसता, असं म्हणत त्यांना एकामागून एक डबे ओलांडायला लावून मधल्याच स्टेशनावर उतरवलं गेलं. खाली पोलीस उभे होते. पुढे कंपनीनं माफी मागितली आणि या बायकांनी कंपनीवर केलेला दावा २०१६ मध्ये तडजोडीनं मिटला. तिकीट काढून, पैसे मोजून आलेल्या या बायका गाडीत सगळ्यांना दिसत होत्या. पण तिथलं वागणं कसं असावं हे आधीच दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं.

याच्या उलटही घडतं, आणि ते मला जास्त अस्वस्थ करतं. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले द्राक्षमळे सतराव्या शतकापासून गुलामांच्या आणि पुढे गौरेतर मजुरांच्या कष्टांवर उभे राहिले. त्या मजुरांत बायकाही होत्या. मजुरीचा काही भाग वाइनमध्येच द्यायची ‘डॉप’ पद्धत तिथे होती. कायद्यानं बंदी आल्यावरही ती कित्येक वर्षं रेंगाळली. गर्भातच दारूचा परिणाम झालेल्या बाळांचं प्रमाण त्या पट्ट्यात आजही जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. म्हणजे या स्त्रिया वाइनपासून कधीच दूर नव्हत्या. बाटलीवर आणि मालकीत मात्र त्यांचा पत्ता नव्हता.

तिथल्याच वाइनमेकर न्त्सिकी बियेला यांच्या वाटचालीत हा फरक टप्प्याटप्प्यानं दिसतो. क्वाझुलू-नाताळच्या खेड्यात वाढलेल्या न्त्सिकींनी वाइन कधी चाखलीही नव्हती. एका विमान कंपनीच्या शिष्यवृत्तीवर त्या स्टेलेनबॉश विद्यापीठात गेल्या. तिथे शिकवणं आफ्रिकान्समध्ये, आणि ती भाषा त्यांना येत नव्हती. दार उघडलं होतं, पण आतली व्यवस्था त्यांना धरून आखलेली नव्हती. तरीही २००३ मध्ये पदवी घेऊन त्या देशातल्या पहिल्या मोजक्या कृष्णवर्णीय स्त्री वाइनमेकरांपैकी एक झाल्या, आणि २००९ मध्ये वर्षातली सर्वोत्तम स्त्री वाइनमेकर ठरल्या. वर्तमानपत्रांत फोटो आले, पण वाइन दुसऱ्याच्या लेबलखालीच जात होती. आजीचं नाव दिलेला ‘अस्लिना’ हा स्वतःचा ब्रँड त्यांनी नंतर उभा केला, आणि निर्णय खऱ्या अर्थानं त्यांच्या हातात आले ते तेव्हा.

चवीच्या भाषेचंही असंच आहे. वाइनच्या वर्णनात ब्लॅककरंट, गूसबेरी यायलाच हवेत, असा रिवाज युरोपातल्या बागांनी घालून दिला. ब्लॅककरंट फक्त आइसक्रीममध्ये चाखलेल्या आपल्यासारख्यांना हा परकेपणा चटकन कळेल. परीक्षकांच्या रांगेत कृष्णवर्णीय स्त्रीला बसवलं, पण तिनं आपल्या स्वयंपाकघरातल्या वासांनी वाइनचं वर्णन केलं की गुण कापले, तर ते प्रतिनिधित्वच राहिलं.

सगळ्यात कठीण प्रश्न जमिनीचा. वेल लावल्यावर पहिलं बरं पीक यायला तीनेक वर्षं जातात, मग वाइन मुरवायची, तोवर पैसा अडकून पडतो. दक्षिण आफ्रिकेत १९१३ च्या जमीन कायद्यानं कृष्णवर्णीयांना बहुतांश जमिनीच्या मालकीपासून दूर ठेवलं. वारशानं मळा मिळालेल्याशी स्पर्धा करायची, तर तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रीला बहुधा द्राक्षं विकत घेऊनच सुरुवात करावी लागते. पुरस्कार समारंभातल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.