झिजेचा व्रण आणि वेल्ड लोड: यंत्र एक, चाचण्या दोन

गिअर ऑइलच्या माहितीपत्रकावर ‘फोर-बॉल’ या नावाखाली बहुधा दोन आकडे असतात, एक मिलिमीटरमध्ये आणि दुसरा किलोमध्ये. धुळ्या-जळगावच्या दुकानांत ‘नव्वद नंबर’ (घट्टपणाच्या ९० श्रेणीचे गिअर ऑइल) मागणारे गिऱ्हाईक मात्र दोन्हींचा अर्थ ‘वंगण चांगले’ एवढाच घेते.

यंत्र खरोखर एकच आहे. १२.७ मिलिमीटर व्यासाच्या तीन पोलादी गोळ्या तेलाच्या वाटीत घट्ट बसवतात आणि चौथी वरून दाबून फिरवतात. झिजेच्या चाचणीत ७५ अंश सेल्सिअसला, मिनिटाला १२०० फेऱ्यांनी आणि सहसा ४० किलो भाराखाली हे तासभर चालते. मग खालच्या गोळ्यांवरचे व्रण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. व्रण जितका लहान, तितके तेल झीज रोखणारे.

अतिदाबाच्या चाचणीत भाराचा प्रत्येक टप्पा फक्त १० सेकंदांचा असतो. दर वेळी नव्या गोळ्या घेऊन भार टप्प्याटप्प्याने वाढवतात, तो चारही गोळ्या वितळून एकमेकींना चिकटेपर्यंत. तो भार म्हणजे वेल्ड लोड. (सुरुवातीला तेल १८ ते ३५ अंशांत असावे लागते, त्यामुळे मे महिन्यात जळगावात वातानुकूलनाशिवाय ही चाचणी नियमात बसवणे कठीणच.)

सावद्याहून केळी भरून मुंबईला निघालेला ट्रक धुळ्यापर्यंतच्या सपाटीवर क्राऊन-पिनियनला (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या जोडीला) हळूहळू झिजवतो, तर लळिंग घाटाच्या चढावर दातांमधली तेलाची फिल्म तुटण्याइतका दाब येऊ शकतो. तेथे तेलात मिसळलेली गंधक-फॉस्फरसयुक्त पूरके तापलेल्या धातूशी रासायनिक क्रिया करून पातळ थर बनवतात. तो थर स्वतः घासला जातो, पण दात एकमेकांना चिकटू देत नाही. गंधक फार क्रियाशील असेल तर हीच क्रिया कमी भारातही पृष्ठभाग खाते, म्हणून वेल्ड लोड उत्तम असलेल्या तेलाचा व्रण मोठा निघाला तर त्यात विसंगती नाही. गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांनाही (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांनाही) असे गंधक मानवत नाही, आणि जीएल-४ दर्जाचे तेल मागणाऱ्या पेटीत अधिक अतिदाब-पूरके असलेले जीएल-५ दर्जाचे तेल बेधडक ओतू नये, त्याचे हे एक कारण आहे.

शिवाय गोळ्यांचा स्पर्श बिंदूपुरता आणि निव्वळ घसरणीचा असतो, तर गिअरचे दात लोळतातही आणि घसरतातही. म्हणून एफझेडजी नावाच्या गिअर-चाचणीत खरे गिअर वापरून भार टप्प्यांनी वाढवतात, आणि जीएल-५ दर्जासाठी प्रत्यक्ष अ‍ॅक्सलवर चाचण्या कराव्या लागतात. फोर-बॉलचा खरा उपयोग तेलाचा नवा घाणा आधीच्या घाण्यासारखाच उतरला आहे की नाही, हे थोड्या वेळात आणि थोड्या खर्चात पाहण्यासाठी होतो.