रुग्णाच्या नोंदी आणि ॲपची स्पर्धा

अमेरिकेत 2009 साली हायटेक कायदा झाला आणि कागदी नोंदी सोडून संगणकाकडे वळणाऱ्या रुग्णालयांना सरकारने अब्जावधी डॉलर दिले. काही वर्षांतच बहुतेक रुग्णालयांत संगणकीय नोंदी आल्या. परंतु ज्या प्रणालींत त्या साठल्या, त्यांचा आपापसांत मेळ नव्हता. नवे ॲप तयार करणाऱ्याला प्रत्येक प्रणालीसाठी वेगळी जोडणी करावी लागे, आणि ती जोडणी द्यायची की नाही हे अशी कंपनी ठरवी, जिची स्वतःची उत्पादने अनेकदा त्याच ॲपशी स्पर्धा करत. खरी अडचण तंत्रज्ञानापेक्षा इथे अधिक होती, असे मला वाटते.

तांत्रिक बाजू तर बरीचशी सुटली आहे. ग्रॅहॅम ग्रीव्ह यांच्या पुढाकाराने 2011 पासून आकाराला आलेले ‘फायर’ हे मानक नोंदीचे लहान, ठरावीक साच्याचे घटक करते: रुग्ण, तपासणीचा निष्कर्ष, लिहून दिलेले औषध. रक्तातील हिमोग्लोबिन कोणत्याही प्रयोगशाळेत मोजलेले असो, तपासण्यांना ठरावीक संकेतांक देणाऱ्या ‘लॉइंक’ सूचीतील 718-7 हा संकेतांक, मूल्य, एकक आणि तारीख सोबत असली, की मूळ प्रणालीची अंतर्गत रचना ठाऊक नसतानाही दुसरी प्रणाली तो निष्कर्ष अचूक वाचते. ‘स्मार्ट’ या जोड-मानकामुळे रुग्ण आपला पासवर्ड ॲपला न देता, ठरावीक माहितीपुरतीच परवानगी देऊ शकतो.

डिसेंबर 2016 च्या क्युअर्स कायद्याने माहिती अडवून ठेवण्यास मनाई केली. त्याचे नियम एप्रिल 2021 पासून लागू झाले आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना प्रत्येक उल्लंघनामागे 10 लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियमांच्या मसुद्याला रुग्णनोंदींच्या प्रणाली पुरवणाऱ्या एपिक या मोठ्या कंपनीने गोपनीयतेच्या मुद्द्यावर उघड विरोध केला होता. त्यामागे व्यावसायिक हित असेलही, पण मुद्दा खोटा नव्हता: रुग्णाने स्वतः निवडलेल्या ॲपमध्ये माहिती गेली, की तिला हिपा या गोपनीयता कायद्याचे संरक्षण सहसा उरत नाही.

शिवाय, प्रमाणित प्रणालींवर या नियमांनी घातलेली मानक जोडणीची सक्ती मुख्यतः माहिती वाचू देण्यापुरती आहे. मधुमेहाचे ॲप साखरेचा आलेख काढू शकते. मात्र घरी मोजलेली साखर डॉक्टरांच्या नोंदीत लिहिण्यासाठी त्याला अजूनही प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या आणि रुग्णालयाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. लिहिण्याच्या जोडणीलाही तशीच सक्ती लागू झाल्याशिवाय लहान कंपन्यांना बरोबरीने स्पर्धा करता येणार नाही.